साळवे सिस्टर आणि फाटका आवाज

साळवे सिस्टरांचा कुणाच्या सांगण्यावर विश्वास नसे. दवाखान्याच्या भिंतीवरच्या घड्याळावरही नसे. ड्यूटी संपत आली की त्या आधी मला वेळ विचारत, मग वॉर्डबॉयला, आणि दोघांची उत्तरं जुळली तरच चाव्यांचा जुडगा पुढच्या सिस्टरच्या हातात देत. इंजेक्शनची कुपी उजेडाकडे धरून तिच्यावरचं नाव स्वतः वाचत आणि मग दुसऱ्या कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घेत. थर्मामीटर त्यांचा स्वतःचा होता. चहा आला की आधी वास घेत. "सांगणाऱ्याचं काय जातं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

नव्वदच्या दशकाच्या मधली ती वर्षं. इंदापूरच्या एका खासगी दवाखान्यात मी रक्त-लघवी तपासायचं काम करत होते. माझं गाव अंथुर्णे, त्यांचं कोऱ्हाळे बुद्रुक. दवाखान्यामागच्या गल्लीत भाड्याच्या खोल्यांची एक ओळ होती, त्यात आमच्या खोल्या शेजारी शेजारी होत्या. मधली भिंत इतकी पातळ, की त्यांनी स्टोव्हला पंप मारायला सुरुवात केली की माझी सकाळ व्हायची. मी त्यांच्यापेक्षा बरीच लहान, म्हणून त्या मला नंदे म्हणत. मी त्यांना सिस्टर म्हणायची. ताई म्हणून पाहिलं होतं एकदा. त्यांनी विचारलं, "काय काम हाय?"

हा संशयी स्वभाव लोकांना नकोसा व्हायचा, पण एकदा त्यानंच एक बाई वाचली. खोकं बरोबर होतं, खोक्यातली कुपी दुसरीच निघाली. डॉक्टरांनीही खोकं बघूनच मान हलवली होती. सिस्टरांनी सुई भरली नाही. त्या दिवसापासून डॉक्टर त्यांच्या वाटेला गेले नाहीत. उलटही व्हायचं. एका म्हाताऱ्याच्या सुनेवर त्यांनी दवाखान्याची चादर चोरल्याचा आळ घेतला, सगळ्या वॉर्डासमोर तिची पिशवी उलटी केली. चादर गच्चीवर वाळत होती. सिस्टर त्या सुनेला काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्या लवकर आल्या, म्हाताऱ्याचं अंग स्वतः पुसून काढलं, सुनेला घरी जाऊन झोपून ये म्हणाल्या, आणि ती परत येईपर्यंत खाटेशेजारी बसून राहिल्या.

त्यांचे वडील गावोगाव गायन पार्टी घेऊन हिंडत. लहानपणी सिस्टर त्या पार्टीत बेंजो वाजवायच्या, हे मला फार उशिरा कळलं. खोलीत वडिलांचा एक फोटो होता, पेटीपुढं बसलेले, आणि त्याच्या शेजारी धाकट्या भावाचा, मिलिंदचा. मिलिंद पुण्याला इंजिनिअरिंगला होता. तिथं चार पोरांनी मिळून बँड काढला होता. आदल्या वर्षी, कारखान्यांचा हंगाम संपत आला असताना, तो पुण्याहून मोटरसायकलवरून गावी निघाला आणि संध्याकाळी उसाच्या थांबलेल्या ट्रेलरला मागून धडकला. ट्रेलरला मागं दिवा नव्हता. जागच्या जागी गेला.

दिवसकार्याला त्याचा मित्र अभिजित आला होता. त्यानं बँडची एक कॅसेट टेपवर लावून ऐकवली आणि मग सिस्टरांच्या हातात ठेवली. सिस्टरांनी विचारलं, "ह्यात मिलिंद कुठला?"

तो जरा अडखळला. मग म्हणाला, "गिटार मी वाजवलंय, ताई. मिलिंद वायरिंग वगैरे बघायचा."

"आणि ह्यो आवाज? असा फाटल्यागत?"

"तो पेडलचा. गिटारच्या वायरीत जोडायची, पायानं दाबायची डबी असते. माझ्या काकांनी बाहेरून आणला होता. परत घेऊन गेले ते."

सिस्टरांनी कॅसेट पर्समध्ये ठेवली. इंदापूरला परतल्यावर त्यांनी मला ती ऐकवली आणि सगळं सांगितलं. मी तसलं काही कधी ऐकलं नव्हतं. आमच्याकडं गिटार म्हणजे ऑर्केस्ट्रात मागं उभा राहून टिंगटिंग करणारा माणूस. हे गिटार तसं नव्हतं. पत्र्यावरून खडी ओढावी तसा आवाज, आणि तरी त्यात सूर होता. कुणीतरी घसा बसेपर्यंत ओरडून झाल्यावर पुन्हा ओरडतंय असं वाटायचं. मी विचारलं, "टेप बिघडलाय का?"

"न्हाय. असाच हाय. गॅरेज म्हणत्यात ह्याला. तिकडं परदेशात पोरं घरच्या गॅरेजात वाजवत्यात म्हणून."

मग त्यांनी मुद्द्याचं सांगितलं. जायच्या थोडे दिवस आधी मिलिंदनं दवाखान्याच्या फोनवर त्यांना सांगितलं होतं, की अक्का, बाबांच्या रेडिओतून मी असा आवाज काढलाय की पुण्यातली पोरं येडी झालीत. आता हा अभिजित म्हणतो, आवाज काकांच्या पेडलचा. हातही त्याचा, आवाजही त्याचा.

"मग ह्यात माझा भाऊ कुठंच न्हाय," सिस्टर म्हणाल्या. "फोटू अन् एक गिटार सोडलं तर त्याचं एवढंच उरलंय, नंदे. अन् त्येबी दुसऱ्याचं म्हणं."

"तो कशाला खोटं बोलेल?"

"त्येच तर बघायचंय."

पुढच्या सुट्टीत त्या कोऱ्हाळ्याला गेल्या, वडिलांचा जुना रेडिओ मागून उघडला. तो रेडिओ वर्षभर बंदच होता, कुणी लक्ष दिलं नव्हतं. आत दोन पार्ट नव्हते. कुणीतरी जपून काढून घेतलेले. येताना त्या तो रेडिओ, वडिलांचा ॲम्प्लिफायर, स्पीकरची पेटी आणि मिलिंदचं लाल गिटार, सगळं एसटीनं इंदापूरला घेऊन आल्या. हमालाला हात लावू दिला नाही.

मग आमच्या गल्लीला त्रास सुरू झाला.

आधी त्यांनी ॲम्प्लिफायरचा आवाज पार शेवटपर्यंत सोडून बघितला. तारा छेडल्या आणि माझ्या खोलीतली मांडणी थरथरली. तो आवाज मोठा होता, पण कॅसेटमधला नव्हता. मालकीण काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. काकूंना सिस्टरांचा आधीपासून वहीम होता. एकटी बाई, कुणात मिसळत नाही, खिडकी लावून बसते.

"सिस्टर, काय चाललंय ह्ये?"

"वाजवतेय."

"मशीन कसलं हाय? वायरलेस हाय का?"

"काकू, वायरलेसवर कुणाशी बोलू मी? दवाखान्यात दिवसभर बोलून तोंड दुखतं."

काकूंचं समाधान झालं नाही. दोन दिवसांनी त्यांचा वीज खात्यातला भाचा मीटर बघायला आला. मीटर ठीक होता. तो जाता जाता मला हळूच म्हणाला, "बाईंचं डोकं बरं हाय न्हवं?" मी हो म्हणाले, पण माझीही खात्री नव्हती.

दुसरा प्रयत्न ब्लेडचा. त्यांनी स्पीकरच्या कागदी पडद्याला, टाके घालायच्या आधी कातडी कापावी तशा, बारीक चिरा दिल्या. ब्लेड दवाखान्याचं घेतलं नाही, औषधाच्या दुकानातून स्वतः आणलं, हे मला दोनदा सांगितलं. त्या दिवशी तारा छेडल्या तर आवाज खरंच फाटला. मी म्हणाले, "सापडला की." त्यांनी कॅसेट लावली, पुन्हा तारा छेडल्या, पुन्हा कॅसेट.

"न्हाय. ह्यो नुसता फाटलाय. त्यो फाटून लांबतोय. ऐक, सूर सोडत न्हाय त्यो."

मला फरक कळला नाही. नंतर बऱ्याच वेळा ऐकवल्यावर कळायला लागला.

रविवारी त्या मला घेऊन बारामतीला गेल्या, नझीरभाई नावाच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडं. त्यांच्या टेबलावर उघडे रेडिओ पडलेले होते. सिस्टरांनी वडिलांचा रेडिओ पुढं ठेवला, रिकाम्या जागा दाखवल्या. नझीरभाई म्हणाले, "जुन्या काळचे ट्रान्झिस्टर आहेत, पत्र्याच्या टोपीचे. आता नवे येतात ते वेगळे. भंगारात सापडले तर टाकतो, रेडिओ चालू होईल."

"रेडिओ चालू न्हाय करायचा. भंगारातले तसलेच दोन घालून एक डबी करून द्या. गिटारची वायर आत, दुसरी बाहेर. आवाज फाटला पाहिजे."

नझीरभाईंनी चष्मा वर सरकवला. "बाई, फाटलेला आवाज नीट करून घ्यायला लोक येतात. बिघडवून द्या म्हणून कोणी येत नाही."

"मी आली न्हवं?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला तो आवाज खाली आणून, "कुणाचा रेडिओ, टीव्ही बंद पाडायचा इरादा नाही ना?" सिस्टर चिडल्या नाहीत. संशय घेणाऱ्या माणसाचा त्यांना राग येत नसे, उलट बरं वाटत असे. त्यांनी पर्समधून कॅसेट काढली आणि तिथंच, त्यांच्या टेपवर लावली. नझीरभाईंनी अर्धं गाणं ऐकलं. शेजारचा पानवाला डोकावून गेला.

"मला जमेल असं सांगत नाही," ते म्हणाले. "करून बघू."

त्यासाठी आमच्या बऱ्याच फेऱ्या झाल्या. कधी डबीतून नुसती घरघर यायची, कधी काहीच नाही. नझीरभाई अंदाजानं पार्ट बदलायचे, सिस्टर तिथंच बसून कॅसेटशी ताडून बघायच्या, आणि दोघं एकमेकांच्या कानावर संशय घ्यायचे. शेवटी साबणाच्या एका पत्र्याच्या डबीत बसवलेलं ते यंत्र घेऊन आम्ही इंदापूरला परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी, ड्यूटीच्या आधी, भिंतीपलीकडून तारांचा आवाज आला आणि मी दात घासता घासता थांबले. तोच आवाज होता. खडीसारखा, लांबणारा, सूर न सोडणारा. मी तशीच त्यांच्या दारात गेले. सिस्टर पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, गिटार मांडीवर. त्यांनी माझ्याकडं पाहून विचारलं, "त्योच न्हवं?"

"तोच."

"खात्री हाय?"

"आहे."

पहिल्यांदाच त्यांनी दुसऱ्या कुणाला विचारलं नाही.

दुपारी जेवायला आल्यावर त्यांनी पुन्हा वाजवलं, आणि आवाज गेलेला होता. डबीतून अडकत अडकत काहीतरी यायचं, उचकी लागल्यासारखं, आणि मधेच तुटायचं. सेल बदलले, वायरी तपासल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज परत हजर. दुपारी पुन्हा गायब. सलग काही दिवस हेच.

सिस्टरांच्या मनात काय आलं असेल ते सांगायला नको. सकाळी आपण कुलूप लावून जातो, दुपारी येतो तेव्हा बिघडलेलं असतं, म्हणजे मधल्या वेळात कुणीतरी आत येतं. त्यांनी कुलूप बदललं. दाराच्या कडीला बारीक दोरा बांधून जायला लागल्या. आणि एका दुपारी लॅबच्या दारात उभ्या राहून त्यांनी मला विचारलं, "नंदे, माझ्या जुन्या कुलपाची एक चावी तुझ्याकडं असायची. तू ती कुणाला दिलीस?"

"कुणाला नाही."

"तू स्वतः गेलीस का आत?"

माझ्या हातात रक्ताची काचपट्टी होती. मी ती खाली ठेवली. एवढ्या फेऱ्या त्यांच्याबरोबर केल्या, बारामतीच्या उन्हात बसले, आणि हे. मी म्हणाले, "सिस्टर, मला त्या डबीतलं काही कळत नाही. आणि कळत असतं तरी मी गेले नसते." त्या निघून गेल्या. दोन दिवस आम्ही बोललो नाही. भिंतीपलीकडं स्टोव्हचा पंप वाजायचा तेवढाच.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी माझं दार वाजवलं. "ये जरा."

त्यांच्या दाराचा दोरा तसाच होता, मला दाखवायला त्यांनी तो सोडला नव्हता. त्यांनी तो माझ्यासमोर सोडला, कुलूप उघडलं. आत भट्टीसारखी धग. पत्र्याचं छप्पर, मे महिना. गिटारला डबी जोडलेली होती. त्यांनी तारा छेडल्या. उचक्या आल्या. मग त्यांनी डबीवर हात ठेवला, जसा पेशंटच्या कपाळावर ठेवतात.

"बघ. तापलीय."

मी हात लावला. डबी चटका बसेल इतकी नव्हती, पण कोमट होती.

"कुणी आत आलं न्हाय," त्या म्हणाल्या. "ह्याला ताप येतो."

मग त्यांनी आमच्या वॉर्डात शेकडो वेळा केलं असेल तेच केलं. रुमाल माठातल्या पाण्यात भिजवला, पिळला, डबीभोवती गुंडाळला, वर पुठ्ठ्यानं वारा घालत बसल्या. मीही बसले. थोड्या वेळानं त्यांनी रुमाल बदलला. त्यानंतर तारा छेडल्या तेव्हा आवाज हळूहळू उभा राहिला, आधी अडखळत, मग पुरा. सिस्टरांनी गिटार बाजूला ठेवलं. माझ्याकडं न पाहता म्हणाल्या, "तुझ्यासाठी भाकरी टाकू का?" मी हो म्हणाले. त्यांच्याकडून माफी म्हणून एवढंच मिळालं, आणि मला ते पुरलं.

एवढं झाल्यावर त्यांनी अभिजितला निरोप धाडला, की येऊन जा. तो आला तेव्हा त्याच्याही चेहऱ्यावर संशय होता. बँडची पुन्हा काही चौकशी निघाली असणार, बहिणीला त्यात काहीतरी हवं असणार, असं वाटलं असावं. चहा घेतला नाही. सिस्टरांनी त्याला डबी दाखवली नाही. भिजलेल्या फडक्याखाली काय आहे ते त्याला दिसत नव्हतं. त्यांनी गिटार त्याच्या हातात दिलं.

"कॅसेटमदलं वाजीव."

"ताई, कशाला?"

"वाजीव तू."

त्यानं वाजवलं. पहिल्याच फटक्याला तो दचकला. थांबला, गिटारकडं बघितलं, वायरीकडं बघितलं. मग सबंध तुकडा वाजवला, कॅसेटमध्ये होता तसाच. तो हात झोकून द्यायची जी तऱ्हा होती, सूर लागायच्या आधी किंचित मागं राहून एकदम पुढं उडी घ्यायची, ती सिस्टरांना महिनाभर प्रयत्न करून जमली नव्हती. त्याला ती सहज येत होती. मी सिस्टरांकडं पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. कॅसेटमधला हात अभिजितचाच होता, यात आता शंका उरली नव्हती.

"हात तुझा हाय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं तू खोटं बोलतोस."

अभिजितनं गिटार खाली ठेवलं. त्यांनी फडकं काढलं. साबणाची डबी उघडी पडली.

"पण काकांचा पेडल खोटा. व्हय का न्हाय?"

त्यानं डबीवरून बोट फिरवलं. मग जमिनीवर बसला. म्हणाला, असलीच होती. मिलिंदनं केलेली. सुरुवातीला बाकीच्या बँडवाल्यांना सांगायला लाज वाटायची, साबणाच्या डबीतून आवाज येतो म्हणून. म्हणून मीच काकांचा पेडल म्हणून सांगत सुटलो. नंतर नंतर ती डबी दगा द्यायला लागली. दुपारी प्रॅक्टिसला बसलो की उचक्या. मी मिलिंदला म्हणालो, तू जोडणी नीट करत नाहीस, लक्ष नाही तुझं. आमचं भांडण झालं. मी म्हणालो, नीट करून आण, नाहीतर आणू नकोस. तो म्हणाला, घरच्या रेडिओत अजून पार्ट आहेत, घेऊन येतो. डबी बॅगेत टाकून निघाला.

त्यापुढचं आम्हाला माहीत होतं.

बाहेर काकू कुणाला तरी हाका मारत होत्या. सिस्टर उठल्या, माठातून पाणी घेतलं, त्याच्यापुढं ठेवलं. मग शांतपणे, पेशंटच्या नातेवाइकाला सांगावं तसं सांगितलं, "जोडणी चांगलीच होती त्याची. दुपारचं ऊन सोसत न्हाय ह्या पार्टांना. गार केलं की चालतंय. त्याचं काय चुकलं नव्हतं. तुलाबी ठावं नव्हतं."

अभिजित रडायला लागला. सिस्टर रडल्या नाहीत. त्यांनी त्याला रडू दिलं आणि तोपर्यंत गिटारच्या तारा एकेक करून पुसल्या.

जाताना त्यानं विचारलं, पुण्यात पुन्हा रेकॉर्डिंग करायचं म्हणतोय, या वेळी कॅसेटवर मिलिंदचं नाव टाकून. डबी मिळेल का? सिस्टरांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"डबी देणार न्हाय," त्या म्हणाल्या. "मी घेऊन येते."

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझं लग्न ठरलं आणि मी इंदापूर सोडलं. सिस्टर नंतर सोमेश्वरनगरकडच्या कुठल्याशा दवाखान्यात गेल्याचं ऐकलं, भेट झाली नाही. मला त्या शेवटच्या दिसल्या त्या इंदापूरच्या स्टँडवर, पुण्याच्या सकाळच्या गाडीत. मी त्यांना सोडायला गेले होते. उजव्या बाजूला ऊन येणार म्हणून त्यांनी डाव्या खिडकीशी बसलेल्या एका माणसाला उठवलं होतं, आणि तो का उठला हे त्यालाही कळलं नव्हतं. गिटार चादरीत गुंडाळून पायांमध्ये उभं केलेलं, मांडीवर बर्फ भरलेला स्टीलचा डबा. कंडक्टर वाकून विचारत होता, "औषध हाय का? सांडंल बिंडंल."

"औषध न्हाय," सिस्टर म्हणाल्या. "माझ्या भावाचा आवाज हाय."

कंडक्टरनं त्यांच्याकडं संशयानं पाहिलं, तिकीट फाडलं आणि तो पुढं गेला. गाडी हलली. सिस्टरांनी माझ्याकडं बघून हात केला नाही, दोन्ही हातांनी त्यांनी डबा धरला होता.